उरलेला एक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी ओसरीवरचा पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. सकाळीच घागर भरून झाली होती. मातीच्या घागरीवर डांगर, त्यावर दोन सांजोऱ्या, आणि पितरांना घास टाकताना नानांनी, माझ्या वडिलांनी, नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी मोठ्या मायचं, माझ्या आजीचं, नाव घेतलं. जेवणं झाल्यावर भांड्यांचा आवाज थांबला, दोन्ही फुया, माझ्या आत्या, भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या आणि मी लॅपटॉप मध्ये ठेवून मोठ्या मायचा आवाज लावला. तिची आखाजीची गाणी. या वेळी आवाज स्वच्छ होता, घरघर नाही, खरखर नाही, शब्दन् शब्द कळत होता. मला वाटलं होतं, आता रडारड होईल. धाकटी रडलीही. थोरली फुई मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि गाणं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "चांगलं व्हयनं. पन तिनी बांगडी कोठे गयी वं?"

मी काहीच बोलले नाही. माठातलं पाणी आणायला म्हणून उठले.

ती कॅसेट 1996 ची. मुंबईहून काका आले होते, सोबत विजेवर चालणारा टेपरेकॉर्डर होता, आणि मोठी माय चुलीपुढे बसून गात होती. काकांनी टेप जवळच्या जवळ, चुलीमागच्या बटणाला जोडला. त्या जोडणीमुळे असो की त्या टेपच्या खराब अर्थिंगमुळे, सगळ्या कॅसेटभर एक जाड घरघर बसली. आपल्या घरातल्या विजेचा पन्नास हर्ट्झचा सूर, आणि त्याच्या पाढ्यातले शंभर, दीडशे, दोनशे. मोठ्या मायचा आवाज त्या घरघरीखाली असा होता, जसं जिनिंगच्या शेडमध्ये उभं राहून कुणी तुम्हाला घरची खुशाली विचारतंय. वर्षानुवर्षं आम्ही ती कॅसेट लावायचो आणि पाच मिनिटांत बंद करायचो. मोठी माय गेल्यावर तर कुणी लावलीच नाही.

यंदा चैत्रापासूनच मी माहेरी राहून काम करत होते. पुण्याच्या घराचं रंगकाम निघालं होतं, आणि कामाला काय, लॅपटॉप आणि रेंज असली की झालं. एका रविवारी कपाटातून ती कॅसेट काढली, संगणकात उतरवून घेतली आणि ठरवलं, आखाजीला फुया यायच्या आत ही घरघर काढायची. तयार सॉफ्टवेअर करून पाहिली. ती घरघरीबरोबर आवाजातला खरखरीतपणाही काढत होती, आणि मोठ्या मायचा आवाज खरखरीतच होता. मग एक जुना प्रोग्रॅम सापडला. लिहिणाऱ्यानं बरीच वर्षं हात लावलेला नाही, तयार पॅकेज कुठेच नाही, फक्त सोर्स कोड. अडतीस फाइली आणि एक मेकफाइल, म्हणजे त्या कशा बांधायच्या ते सांगणारी फाइल. मला ही गोष्ट अजून आवडते. कुणाचं तरी लिहिलेलं जसंच्या तसं घ्यायचं आणि आपल्या मशीनवर ते आपण घडवायचं. मेक म्हटलं की ओळी सरसर वर जातात, एकेक फाइल कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हातून जाते, आणि शेवटी सगळं जोडून एक चालणारी वस्तू उभी राहते. तयार पापड आणणं आणि घरी लाटणं यातला फरक ज्यांना कळतो, त्यांना हेही कळेल.

एकही चूक न निघता ते बांधलं गेलं. घरघर गेली. लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर ऐकलं तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला. त्याच रात्री दोन्ही फुयांना फोनवर पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या फुईचा फोन. रात्रभर ऐकत होते म्हणाली. आणि म्हणाली, गाताना तिच्या हातातली बांगडीसुद्धा वाजतेय, ऐकलीस का? तिला बसल्या जागी मांडीवर ठेका धरायची सवय होती.

मी ऐकली नव्हती. हेडफोन लावले, तेव्हा ऐकली.

टक. मग साधारण दीड सेकंदाने पुन्हा टक. गाण्याचा ठेका हलला तरी टक आपल्या जागेवर. मोठी माय श्वास घ्यायला थांबली तरी टक. माणसाचा हात इतका नेमका पडत नाही. मला लगेच कळलं की ही बांगडी नाही, आणि तेव्हाच फुईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुरुस्त करून देऊ, मग बघू, असं मनाशी म्हटलं.

पुढचे चार दिवस ऑफिसचं काम संपलं की मी त्या टकटकीच्या मागे लागायचे. बाहेर पंचेचाळीसचा पारा, धाब्याच्या घरात दारं-खिडक्या लावून अंधार केलेला, आणि लॅपटॉप इतका तापलेला की खाली ओलं फडकं घालून ताट पालथं ठेवलं होतं. म्हणून पहिला संशय उन्हावरच. तापलेल्या मशीनची मेमरी कधी कधी एखादा आकडा विसरते, आणि कंपायलर मध्येच कोसळतो किंवा निकाल चुकतो. पण तशी चूक जागा बदलते. आज या फाइलीत, उद्या त्या. माझी टकटक पहाटे चार वाजता, थंड मशीनवर, अगदी त्याच जागी. म्हणजे ऊन सुटलं. दुसरा संशय कॅसेटवर. दुसरी कॅसेट घातली, तीच टकटक. तिसरा प्रोग्रॅमवर, आणि हा संशय वाजवी होता. असे प्रोग्रॅम आवाजाचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा साफ करतात आणि पुन्हा जोडतात. माझ्या प्रोग्रॅमचा तुकडा 65,536 नमुन्यांचा, म्हणजे आवाज मोजून घेतलेल्या तितक्या आकड्यांचा, आणि सेकंदाला नमुने 44,100. भागून पाहिलं, दीडच्या आसपास. तर टक सांध्यावर होती. सांधा नीट बुजवला नसेल तर असंच होतं. दोन दिवस मी त्या माणसाचा सांध्याचा कोड वाचत होते, कागदावर आकडे मांडत होते. कोड बरोबर होता. नुसता बरोबर नाही, काळजीनं लिहिलेला होता. ज्या माणसाला मी दोन दिवस मनातल्या मनात दोष देत होते, त्यानं एका ओळीचीही हयगय केली नव्हती.

कंपायलरवर संशय घ्यायला जीव धजत नाही. शिकत असताना आम्हाला हेच पहिलं शिकवलेलं असतं: चूक तुझी आहे, कंपायलरची नाही. आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते खरंच असतं. भाषेच्या नियमात न बसणारं आपण काहीतरी लिहिलेलं असतं, एरवी ते खपून जातं, आणि ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करायची कंपायलरची खटपट, वाढवलं की उघडं पडतं. म्हणून आधी ती तपासणी केली. नियमभंग पकडणारी साधनं असतात, ती चालू करून प्रोग्रॅम पुन्हा बांधला. त्यांना काही सापडलं नाही. मग ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद केलं, ओ-झिरो. प्रोग्रॅम गोगलगायीसारखा चालला, आणि टकटक गेली.

घड्याळात दुपारचे अडीच वाजले होते. गल्लीत कुत्रंही नव्हतं. मला तोंडात एकदम कोरड पडल्यासारखं झालं.

मग शोध सोपा असतो. अडतीस फाइलींपैकी निम्म्या ओ-थ्रीनं, म्हणजे ऑप्टिमायझेशन चढवून, बांधायच्या, निम्म्या ओ-झिरोनं, आणि टकटक कोणत्या अर्ध्यात आहे ते ऐकायचं. मग त्या अर्ध्याचे अर्धे. सहा फेऱ्यांत एकच फाइल हातात राहते. त्या फाइलीत एकच लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग, संशयाचा होता, सांध्यावर जुना तुकडा मंद करत नवा वर आणणारा. दहा मिलिसेकंदांचा सांधा, म्हणजे 441 नमुने. माझ्या मशीनचा प्रोसेसर एका दमात आठ आकडे हाताळू शकतो, म्हणून ऑप्टिमायझेशन चढवलं की कंपायलर लूप एकेकाचा न ठेवता आठ-आठच्या गठ्ठ्यांनी चालवतो. पंचावन्न गठ्ठे झाले की चारशे चाळीस होतात. एक उरतो. लग्नाच्या पंगतीत आठ-आठजण बसवून पंचावन्न पंगती उठवाव्यात आणि शेवटी एकच माणूस उरावा, आणि आचाऱ्यानं त्याला रिकाम्या पातेल्यातून वाढावं, तसं त्या उरलेल्या नमुन्याचं होत होतं. त्याच्यासाठी कंपायलरनं जो वेगळा कोड काढला होता, तो चुकीच्या जागचा आकडा उचलत होता. मी मशीन कोडच्या ओळी छापून घेऊन पेन्सिलीनं खुणा करत बसले होते. ती एक ओळ सापडली तेव्हा आनंद झाला नाही. कुणा वडीलधाऱ्या माणसाला खोटं बोलताना पकडावं, तसं वाटलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात माझं नवल काहीच नाही. यूटा विद्यापीठातल्या काही जणांनी सीस्मिथ नावाचं एक साधन बनवलं होतं, जे आपोआप चित्रविचित्र पण नियमात बसणारे सी भाषेतले प्रोग्रॅम लिहितं आणि वेगवेगळ्या कंपायलरांची उत्तरं ताडून पाहतं. 2011 च्या त्यांच्या निबंधात त्यांनी लिहिलंय की तीन वर्षांत त्यांनी 325 हून जास्त, आधी कुणाला ठाऊक नसलेल्या चुका कळवल्या. रोज जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरांमध्ये. कंपायलर कोसळतो तेव्हा निदान तो स्वतःच सांगतो की मी पडलो, अहवाल पाठवा. खरा त्रास या दुसऱ्या जातीचा. सगळं सुरळीत बांधलं जातं, एक ओळ तांबडी होत नाही, आणि आत एक आकडा चुकतो. माझा आकडा निदान ऐकू येत होता. हाच लूप कुणाच्या औषधाच्या मात्रेत, कुणाच्या पुलाच्या हिशेबात असता तर काय वाजलं असतं?

उपाय एका ओळीचा होता.

मेकफाइलीत त्या एका फाइलीपुरती गठ्ठ्यानं लूप चालवण्याची परवानगी काढून घेतली. बाकी सदतीस फाइली होत्या तशा. बांधलं, चालवलं, टकटक नाही. आखाजी दोन दिवसांवर होती. मी लॅपटॉप बंद केला आणि मायला सांजोऱ्या लाटू लागायला गेले.

तर त्या दुपारी पाणी आणायला म्हणून उठले ती मागच्या दारानं बाहेरच पडले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नाना म्हणाले, चाल मळ्यात, नवा सालदार दाखवतो. आखाजीला आमच्याकडे साल बदलतं, शेतावरचा वर्षभराचा गडी नवा येतो. जुना सालदार आदल्या दिवशी हिशेब करून गेला होता आणि सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा वीस-बावीस वर्षांचा पोरगा सकाळपासून आला होता. विहिरीवर गेलो. मोटरच्या पेटीकडे बघितलं आणि माझ्या पोटात जुनीच चीड उठली. हिरव्या बटणात पऱ्हाटीची काडी खोसलेली होती. तशीच. पाच वर्षांपूर्वी या काडीवरून मी नानांशी कडाक्याचं भांडले होते. इंजिनिअरिंग शिकलेली पोरगी मी. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढते, आणि बोट काढल्यावर ती धरून ठेवायला आत एक छोटा होल्डिंगचा कॉन्टॅक्ट असतो. नानांच्या स्टार्टरचा तो जळाला होता, म्हणून बोट काढलं की मोटर बंद. बोटाऐवजी काडी. यात धोका असा की लाइट जाऊन आली की मोटर आपसूक सुरू होते, विहिरीत कुणी वाकलेलं असो नाहीतर पेटीत कुणाचा हात असो. लाल बटणाचाही उपयोग नाही. दाबून धरलं तोवर बंद, सोडलं की पुन्हा सुरू. मी तेव्हा म्हटलं होतं, नाना, हा जुगाड एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. ते फक्त म्हणाले होते, "स्टार्टर जुना शे. पार्ट भेटत नही." मला ते आळशी माणसाचं उत्तर वाटलं होतं.

यावेळी मी काही बोलायच्या आत नानांनी पेटीचं झाकण उघडून पोराला आतली बाजू दाखवली. झाकण मी कधी आतून पाहिलंच नव्हतं. पत्र्यावर काळ्या ऑइलपेंटनं, नानांच्या त्या सरळ शाळकरी अक्षरात लिहिलेलं होतं: "होल्डिंग जळालेले आहे. आधी काडी काढा. मग हात घाला." खाली तारीख. 12 जून 2019. त्याखाली बारीक अक्षरात वेगवेगळ्या तारखांना केलेल्या नोंदी. अमळनेरला पार्ट विचारला, नाही. जळगावला विचारला, नाही. कॉइल बदलली. काडी बदलली. शेवटची नोंद मागच्या महिन्यातली होती: नवा स्टार्टर केळीचे पैसे आल्यावर.

मी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. माझ्या मेकफाइलीतली ओळ मला आठवली. तिच्या शेजारी मी काहीसुद्धा लिहिलं नव्हतं. का घातली, कोणत्या कंपायलरसाठी, कधी काढता येईल, काही नाही. उद्या मीच ती ओळ बघून म्हटलं असतं, हे काय फालतू, आणि उडवून लावली असती. किंवा कुणी दुसऱ्यानं ती घेऊन, भीतीपोटी, पुढची वीस वर्षं तशीच जपली असती. पाच वर्षं मी ज्याला जुगाड म्हणत आले, त्याची नोंद माझ्या बापानं माझ्यापेक्षा चोख ठेवली होती. हे त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. मी फक्त विचारलं, "नाना, हे कोणासाठी लिहिलंत?" ते म्हणाले, "दर आखाजीले नवा मानूस येस ना."

पोरानं वाचायला थोडा वेळ घेतला, ओठ हलवत. मग काडी ओढून काढली, कानावर ठेवली, आणि मग आत हात घातला.

त्या रात्री उशिरा मी लॅपटॉप पुन्हा उघडला. शेतीची थ्री फेज या आठवड्यात रात्रीची होती, दूरवर मोटरींचा एकसुरी आवाज येत होता, तोच पन्नासचा सूर. ती फाइल आवळत नेली. यासाठीही साधन आहे, सी-रिड्यूस. चूक टिकवून बाकीचा कोड कापत जातं. हजारो ओळींची फाइल सकाळपर्यंत एकोणीस ओळींवर आली होती. त्या एकोणीस ओळी घेऊन कळवायला गेले तर कुणीतरी आधीच कळवलं होतं, आणि पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्तही झालं होतं. माझी आवृत्ती जुनी, एवढंच. मला थोडं हिरमुसल्यासारखं झालं, आणि थोडा धीरही आला. जगात कुठेतरी आणखी कुणीतरी त्या उरलेल्या एका नमुन्यापर्यंत पोचलं होतं. मग मेकफाइलीत त्या ओळीच्या डोक्यावर चार ओळी लिहिल्या. काय चुकतं, कोणत्या आवृत्तीत चुकतं, कुठून पुढे ही ओळ काढून टाकावी, आणि तारीख. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या माणसालाही एक पत्र पाठवलं. त्यात दोष काही नव्हता, तुमचा सांधा बरोबर आहे एवढंच कळवलं.

राहिली फुई. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शिंदखेड्याला परत जाणार होती. मी तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. पंगतीचं उदाहरण दिलं, ते तिला कळलं. ती टकटक मोठ्या मायची नव्हती, मशीनची चूक होती, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही सांगितलं. ती बराच वेळ कडुनिंबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, बांगडी ती घालायचीच. हिरव्या काचेची, डाव्या हातात, मांडीवर ठेका धरायचीच. मी मूळ कॅसेट पुन्हा ऐकली होती. घरघरीत कान घालून ऐकलं तर काहीतरी किणकिणतं खरं, अगदी क्वचित, ठेक्याच्या जवळपास. ते बांगडीचं की चुलीवरच्या झाकणाचं, मला सांगता येत नाही. आणि मी घरघर काढली तेव्हा तेही पुसलं गेलंय, हे मात्र सांगता येतं. फुईला तेही सांगितलं.

"मंग माले तिन्ही दे," ती म्हणाली.

मी पेनड्राइव्हवर तीन फाइली भरल्या. वहीचं एक पान फाडलं, फुईला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं: पहिली, कॅसेट जशीच्या तशी, घरघरीसकट. दुसरी, साफ केलेली, यातली टकटक मोठ्या मायची नाही. तिसरी, साफ, टकटक नाही, पण खरी बांगडी असलीच तर तीही नाही. खाली तारीख टाकली. फुईनं कागदाची चार पदरी घडी केली, त्यात पेनड्राइव्ह गुंडाळला आणि तो लुगड्याच्या गाठीत बांधून टाकला.